वसुलीला सुट्टी: आई-अण्णांसोबत ऑरलँडो

डिस्नेवर्ल्डला जायचं म्हटलं की अटलांटातल्या आमच्या मराठी मंडळींत लगेच एक एक्सेल शीट फिरायला लागते. पहाटे पाचला उठा, साडेसातला गेटवर हजर, अमुक राइड आठ वाजून चाळीस मिनिटांनी, तमुक नऊ वाजून दहा मिनिटांनी, रात्री आतषबाजी बघून साडेदहाला परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार पार्क, चार दिवस. एवढी महागाची तिकिटं काढली म्हणजे पैसे वसूल व्हायला नकोत का? आणि परत आलेली माणसं बघावीत तर मुलं तापलेली, नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, आणि फोटोत मात्र सगळे हसताहेत.

आमच्याबरोबर या वेळी आई-अण्णा होते. जुन्नर तालुक्यातला आमचा टोमॅटोचा मळा भावाच्या ताब्यात देऊन दोघं हिवाळ्यासाठी आले होते. आईचे गुडघे, अण्णांची दुपारची झोप, आठ वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा, हे सगळं धरून वसुलीचा हिशेब बसणार नव्हता. म्हणून मी आणि नवऱ्याने ठरवलं, वसुलीच करायची नाही. जे सोडता येईल ते आधी सोडायचं आणि उरेल त्यात निवांत राहायचं. खर्च आपोआप उतरला.

सोडलेल्यात पहिलं, मोठी सुट्टी. एक दिवसाच्या प्रवेशाचा भाव तारखेप्रमाणे बदलतो. स्वस्तातला दिवस ११९ डॉलरचा, तर नाताळात दोनशेच्या वर. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला फुकट, तीन ते नऊला किंचित कमी, दहाव्या वर्षापासून मोठ्या माणसाचा भाव. म्हणजे आमच्या धाकट्याचं जवळजवळ पूर्ण तिकीट. जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा लाँग वीकेंड संपला की फेब्रुवारीच्या मध्यातल्या सुट्टीपर्यंत गर्दी जरा ओसरते. मुलांची शाळा आठवडाभर बुडवली. दुसरीत काय बुडतं?

दुसरं, एक अख्खं पार्क. हॉलिवूड स्टुडिओज यादीतून काढून टाकलं. आमची तिकिटं तीन दिवसांची घेतली, आई-अण्णांची दोनच. तीन दिवसांचं तिकीट पाच दिवसांत आणि दोन दिवसांचं चार दिवसांत कधीही वापरता येतं, मधे विश्रांतीचा दिवस टाकायला ही सवलत फार उपयोगाची. एका दिवसात एका पार्कातून दुसऱ्यात जायचा जादा पर्याय घेतला नाही. रांग टाळायला माणशी वेगळे पैसे भरायची सोय असते, तीही नाही. आणि डिस्नेच्या हॉटेलऐवजी किसिमीत तीन खोल्यांचं घर घेतलं, स्वयंपाकघरासकट.

शनिवार

पहाटे निघायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे चहा-पोहे होऊन नऊला निघालो. अटलांटाहून ऑरलँडो सातशे किलोमीटरच्या वर. सहाजणांच्या विमानतिकिटांचे पैसे आणि तिथे पुन्हा भाड्याची गाडी, यापेक्षा आपली व्हॅन बरी. डिकीत कुकर, पोळपाट-लाटणं, दशम्या, लसणाची चटणी, मुगाचे लाडू. आईने पाटासुद्धा घेतला असता.

मेकन गावाच्या पुढे आय-७५ हायवे सरळसोट आहे, बघायला फार काही नाही. अण्णांना मात्र होतं. दक्षिण जॉर्जियाची लाल माती, कापूस निघून गेलेली रानं, पानं झडलेल्या पिकानच्या बागा. “दोन झाडांत अंतर केवढं सोडलंय बघ,” एवढंच ते अधूनमधून म्हणत होते. टिफ्टनच्या आसपास पेट्रोल भरायला थांबलो तर दारातच मोठ्या हंड्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! हे या भागाचं जुनं खाणं, मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवतात. अण्णांनी एक शेंग फोडली, दाणा चावला, म्हणाले, “मीठ जरा जास्त झालंय, पण शेंग आपलीच.” मोठा कप घेतला आणि तो फ्लोरिडाच्या हद्दीपर्यंत पुरला.

हद्द ओलांडली की उजव्या हाताला फ्लोरिडाचं स्वागत केंद्र लागतं आणि तिथे प्रत्येकाला संत्र्याचा छोटा पेला रस फुकट मिळतो. फुकट म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला. अटलांटात आल्यापासून ती प्रत्येक आकड्याला नव्वदने गुणत होती. पुढे टर्नपाइकचा टोल. जॉर्जियाचा टोलचा टॅग, पीच पास, फ्लोरिडातही चालतो, वेगळा टॅग लागत नाही.

घर पोचेतो अंधार. खिचडी टाकली.

रविवार

काही नाही. म्हणजे ठरवून काही नाही. मुलं घराच्या मागच्या छोट्या पूलमध्ये उतरली आणि दोन मिनिटांत कुडकुडत बाहेर आली. पाणी गरम करायचे दिवसाला वेगळे पैसे, आणि हे घरमालकाने जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं. पैसे भरले नाहीत. दुपारी उन्हात पाय सोडून बसायला पूल गारच बरा.

संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्जला गेलो. हे दुकानं आणि हॉटेलांचं तळ्याकाठचं मोठं आवार आहे. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. लेगोच्या दुकानाबाहेर लेगोचे मोठमोठे पुतळे आहेत, तळ्यातला समुद्री राक्षससुद्धा लेगोचाच. मुलांचा अर्धा तास तिथेच गेला. खेळणी बघायची, हात लावायचा, विकत काय घ्यायचं ते शेवटच्या दिवशी आणि एकच, असा करार गाडीतच झाला होता. थोरलीने तो पाळला. धाकट्याने पाळला नाही, पण त्याला लाडू पुरला.

सोमवार: अ‍ॅनिमल किंगडम

या पार्कात सकाळी लवकर जाण्यात अर्थ आहे, कारण प्राणी सकाळी हिंडतात. एवढी एकच घाई आम्ही मान्य केली. पार्किंग तीस डॉलरच्या घरात, पण दिवसभर चालतं. त्याच दिवशी बाहेर जाऊन परत आलो तर पुन्हा पैसे नाहीत.

तपासणीला आमची पिशवी बाजूला काढली. बाहेरचं खाणं डिस्नेवर्ल्डमध्ये खुशाल नेता येतं. काचेची भांडी, दारू आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. आपल्याकडच्या पार्कांत गेटवरच डबे काढून घ्यायची सवय असल्याने आई पदराआड काहीतरी लपवत होती. सुरक्षारक्षक बाईने डबा उघडला, लसणाच्या चटणीचा वास घेतला, भुवया वर केल्या आणि हसून झाकण लावून परत दिला. पाणीही विकत घ्यावं लागत नाही. सरबतं मिळतात त्या खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी पेल्यात फुकट देतात. बाटलीला चार डॉलर मोजणारे लोक शेजारीच उभे असतात.

आईसाठी दारातच व्हीलचेअर भाड्याने घेतली. ती बसायला तयार नव्हती. “लोक काय म्हणतील?” मग थोरलीने ढकलायला घेतली आणि आजीचा विरोध मावळला.

किलिमांजारो सफारी म्हणजे उघड्या ट्रकमधून वीसेक मिनिटं फिरवतात. जिराफ रस्त्यातच उभा होता, ट्रक थांबला, त्याला घाई नव्हती. गेंडे, हत्ती, उंचवट्यावर सिंह. हे पार्क १९९८ सालचं. झाडं आता अशी वाढली आहेत की कुंपण कुठे आहे ते कळत नाही. धाकट्याला हत्तीपेक्षा ट्रकचे गचके जास्त आवडले.

आणि मग आशिया विभाग. इथे ‘आनंदपूर’ नावाचं काल्पनिक गाव उभं केलं आहे. पोपडे निघालेल्या भिंती, त्यांवर रंगवलेल्या जाहिराती, विजेच्या खांबांवर तारांचं जंजाळ, भिंतीला टेकवलेल्या जुन्या सायकली, पडझड झालेल्या देवळाला लावलेली बांबूंची परांची आणि त्यावर उड्या मारणारे गिबन. गंज, शेवाळ, डाग, सगळं कारागिरांनी मुद्दाम केलेलं. गोरे लोक कौतुकाने फोटो काढत होते. आईने व्हीलचेअरमधून मान वळवून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “एवढे पैसे भरून आळेफाट्यालाच आणलंस होय गं?”

नवरा इतका हसला की शेजारच्या कुटुंबाने चौकशी केली. आळेफाटा, म्हणजे आमच्याकडचा हमरस्त्यावरचा गजबजलेला फाटा, समजावून सांगायला आम्हाला बराच वेळ लागला.

पण त्याच गावातल्या महाराजा जंगल ट्रेकवर आई गप्प झाली. पडक्या राजवाड्याच्या कमानीतून पलीकडे वाघ दिसतो, खरा, सुमात्रन. जुन्नरच्या उसातले बिबटे तिला नवे नाहीत, रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसाची काळजी तिने वर्षानुवर्षं केली आहे. काचेपलीकडच्या वाघाकडे बघत ती एवढंच म्हणाली, “याला खायला वेळेवर मिळतं, म्हणून तोंडावर तरतरी आहे.”

एक्सपिडिशन एव्हरेस्ट या रोलर कोस्टरला ४४ इंच उंची लागते. थोरली बसते, धाकटा नाही. अशा वेळी ‘रायडर स्विच’ म्हणून सोय आहे: एकजण लहान मुलाजवळ थांबतो, पहिला बाहेर आला की दुसरा पुन्हा मोठी रांग न लावता जातो. थोरलीला दोघांबरोबरही बसायला मिळालं. फुकट सोय आहे, फक्त राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला सांगावं लागतं, आणि तेवढंच बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

दीड वाजता बाहेर पडलो. ‘अवतार’ सिनेमावर बेतलेला पँडोराचा भाग, तिथली उडायची राइड, सगळं राहिलं. गाडीत चौघं झोपले होते.

मंगळवार

तिकिटाला सुट्टी, पण मी हट्टाने सगळ्यांना सकाळी बाहेर काढलं. ऑरलँडोच्या उत्तरेला ऑरेंज सिटीजवळ ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क आहे. झऱ्याचं पाणी बारमाही २२ अंशांच्या आसपास. हिवाळ्यात सेंट जॉन्स नदी गार पडली की मॅनटी नावाचे अवाढव्य, शाकाहारी जलचर ऊब शोधत तिथे येतात. थंडी जितकी जास्त, तितके मॅनटी जास्त. त्या सकाळी हात खिशातून काढवत नव्हता.

पूर्ण गाडीला सहा डॉलर. आईने नव्वदने गुणून, सहाने भागून, आदल्या दिवसाच्या तिकिटाशी तुलना करून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते लिहिण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात गाड्या भरल्या की गेट बंद करतात, म्हणून लवकर.

लाकडी पायवाट झऱ्याच्या कडेकडेने जाते. पाणी काचेसारखं, आणि त्यात करड्या रंगाची शेकडो धुडं, एकमेकांना खेटून, हलतसुद्धा नाहीत. मधूनच एखादं नाक वर येतं, फुस्स करून श्वास सोडतं आणि खाली जातं. पिल्लं आयांच्या कुशीला. बऱ्याच मॅनटींच्या पाठीवर बोटींच्या पंख्यांचे पांढरे व्रण आहेत, आणि संशोधक या व्रणांवरूनच त्यांना ओळखतात. धाकटा कठड्याच्या फटीतून डोकं घालून किती वेळ बसला होता! त्याला कुणी पुढे चल म्हटलं नाही. मागून रांग ढकलत नव्हती.

दुपारी घरी येऊन पिठलं-भात. संध्याकाळी कुणीही कुठेही गेलं नाही.

बुधवार: एपकॉट

एपकॉट खरं तर मी अण्णांसाठी निवडलं होतं. इथली ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही बोटीची सफर पार्क उघडलं तेव्हापासूनची, १९८२ची. धाडस-बिडस काही नाही. बोट संथपणे सुरुवातीला देखाव्यांतून आणि मग खऱ्याखुऱ्या ग्रीनहाऊसमधून जाते. तरुण मंडळी हिला झोपेची राइड म्हणतात. रांग नव्हतीच.

पहिल्या ग्रीनहाऊसमध्ये केळी आणि फणस, मग कोळंबी आणि माशांच्या टाक्या, तोवर अण्णा मागे टेकून बसले होते. पुढची ग्रीनहाऊस सुरू झाली आणि ते पुढे सरसावले. मातीशिवाय लटकणाऱ्या वेली, मुळं उघडी हवेत, त्यांवर पोषक पाण्याचा फवारा. मिकीच्या आकाराच्या साच्यात वाढवलेले भोपळे. वर मांडवासारख्या जाळीवर पसरलेल्या वेली आणि त्यांना खाली लोंबणारी फळं. इथल्या एका टोमॅटोच्या झाडाने एका वर्षात ३२ हजारांहून जास्त टोमॅटो दिल्याची गिनीजमध्ये नोंद झाली होती; वजन ११५१ पौंड. मी मोबाइलवर वाचून दाखवलं.

“किलोत सांग.”

“सव्वापाचशेच्या जवळपास.”

अण्णांनी मनात भागाकार केला. “वीस किलोच्या क्रेटने सव्वीस क्रेट. एका झाडाला.” थोडं थांबून, “आणि तिरंगा येत नाही यांच्या मालाला?”

तिरंगा म्हणजे टोमॅटोवर विषाणूने पडणारे लाल-पिवळे-हिरवे पट्टे. त्या पायी आमच्याकडे उभे प्लॉट सोडून दिलेले मी पाहिले आहेत. बोटीतल्या ध्वनिमुद्रणात मित्रकीटक सोडून कीड आवरण्याबद्दल सांगत होते, त्याचं मी मराठी करेपर्यंत बोट धक्क्याला लागली. बाहेर येताच म्हणाले, “परत बसू. मगाशी सुतळी कशी बांधलीय ते नीट दिसलं नाही.”

परत बसलो. तोवर नवरा मुलांना घेऊन निमोच्या राइडला गेला, आईने खालच्या सभागृहात डबा सोडला. दुसऱ्या फेरीत अण्णांनी वेलीचा व्हिडिओ काढून भावाला पाठवला, आणि नारायणगावात रात्र असूनही उत्तर आलं: “भाव काय मिळतो त्यांना?” इथला काही माल पार्कातल्या हॉटेलांतच शिजतो, म्हणजे गाडीभाडं नाही, आडत नाही, असं अण्णांनी बोलूनच कळवलं.

बाकीचं एपकॉट मी थोडक्यात उरकते, कारण आम्हीही उरकलं. जानेवारी-फेब्रुवारीत इथे कला महोत्सव असतो. एका मोठ्या भिंतीवर आकडे टाकलेले चौकोन असतात, तुमच्या हातात रंगाचा पेला नि कुंचला देतात आणि आपापले चौकोन रंगवायचे, फुकट. थोरलीने अगदी रेघेत रंगवलं. तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत, त्यांत भारत नाही, याचं आईला वाईट वाटलं, मग तिला आनंदपूर आठवलं आणि म्हणाली, “नाही तेच बरं.” तळ्याची फेरी दोन किलोमीटरची, ती आम्ही नॉर्वेपर्यंत केली. थोरलीला ‘फ्रोझन’मधली एल्सा बघायची होती, बघितली, परत फिरलो. जपान-मोरोक्को लांबूनच.

गुरुवार: मॅजिक किंगडम

हा दिवस पोरांचा. आई-अण्णा घरी. सकाळी गेट उघडायच्या आधी पोचून पहिल्या दोन तासांत डम्बो, पीटर पॅन, विनी द पू, ‘सेव्हन ड्वार्फ्स’ची छोटी रोलर कोस्टर, एवढं झालं. अकरानंतर रांगा फुगतात. तेव्हा ज्यांना कुणी विचारत नाही अशा राइड्स धरायच्या. पीपलमूव्हर ही माझी सर्वांत लाडकी: पार्काच्या डोक्यावरून दहाएक मिनिटं वाऱ्यावर फिरवते, पाय दुखत नाहीत. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक जत्रेसाठी केलेलं फिरतं नाट्यगृह आहे; मुलं कंटाळतात, पण वीस मिनिटं गार हवेत बसायला मिळतं आणि धाकटा तिथे झोपलाच.

त्याला घेऊन नवरा घरी गेला. मी आणि थोरली राहिलो. आम्ही दोघींनी स्पेस माउंटन ही अंधारातली रोलर कोस्टर केली, डोल व्हिप नावाचं एक अननसाचं आइस्क्रीम वाटून खाल्लं आणि कट्ट्यावर बसून लोकांची भांडणं ऐकली. दुपारी तीन वाजता या पार्कात जगातल्या सर्व भाषांत “मी तुला आधीच सांगितलं होतं” ऐकू येतं.

संध्याकाळी नवरा सगळ्यांना घेऊन परत आला. आई-अण्णांकडे त्या दिवसाचं तिकीट नव्हतं, पण मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत जाणारी फेरीबोट आणि हॉटेलांना वळसा घालणारी मोनोरेल दोन्ही फुकट आहेत. मोनोरेल कंटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या चक्क पोटातून जाते, खाली माणसं जेवताना दिसतात. आई म्हणाली, त्यांना घास उतरतो तरी कसा. मग पायवाटेने पॉलिनेशियन हॉटेलच्या वाळूवर जाऊन बसलो. तळ्यापलीकडे किल्ला, आठच्या सुमाराला त्यावर आतषबाजी, संगीतसुद्धा इथवर ऐकू येतं. आत मेन स्ट्रीटवर लोक दोन दोन तास आधी जागा धरून उभे असतात. आम्ही चिवडा खात बसलो होतो. थोरलीने करारातलं एक खेळणं दुपारीच घेतलं होतं. ते रात्रीपर्यंत धाकट्याच्या मालकीचं झालं.

शुक्रवार

परतीला सरळ रस्ता सोडून प्लँट सिटीवरून आलो. तास-दीड तास जास्त लागला. हा भाग हिवाळी स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि काही शेतांत आपण स्वतः तोडून न्यायची सोय असते. प्लॅस्टिकच्या मल्चिंगवर लांबच लांब गादीवाफे, खाली ठिबक. मुलं वाफ्यात शिरली आणि तोडण्यापेक्षा खाण्याचा वेग जास्त होता.

अण्णांनी एकही स्ट्रॉबेरी तोडली नाही. ते बांधावर उभे राहून वजनकाट्यापाशी काय चाललंय ते बघत होते. लोक बादल्या भरून आणत होते, वजन होत होतं, लोक पैसे देत होते, शिवाय फोटोही काढत होते.

“म्हणजे तोडणी गिऱ्हाइकानेच करायची?”

“हो.”

“मजुरी कोण देतं?”

“कुणी नाही. हौस म्हणून तोडतात.”

व्हॅन हायवेला लागायच्या आत त्यांनी भावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांत चेरी टोमॅटो लावायचे, पुण्या-मुंबईची माणसं लेण्याद्री-ओझरला जाताना थांबतील, तोडतील, पैसे देतील, पोरांना ट्रॅक्टरवर एक चक्कर, त्याचे वेगळे. भावाचा आवाज स्पीकरवर झोपाळलेला येत होता.

“आणि पार्किंग?” त्याने विचारलं.

“पार्किंग फुकट ठेवू,” अण्णा म्हणाले. “बाहेरचा डबापण चालेल.”